धूर मेल्यावर

"आणखी एक चिंधी दे. हितनं अजून वारा येतोय."

आत्याबाई उंबऱ्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. दाराच्या फळीखालच्या फटीत माझ्या जुन्या लुगड्याचे तुकडे खुरप्याच्या टोकाने कोंबत होत्या. मी बाजेवर होते आणि कुशीत मुलगी. बाहेर पाऊस असा लागला होता की भर दुपारी खोलीत कंदील लावावा लागला होता.

"आत्याबाई, कोंडल्यासारखं होतंय हो," मी म्हणाले.

"होऊ दे. वारं लागण्यापरीस कोंडलेलं बरं. बाळंतिणीनं वाऱ्याचं नाव काढू नये."

मी उशाखालची चिंधी काढून त्यांच्याकडे टाकली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या वडिलांच्या चुलत बहीण लागत, म्हणून लग्नाआधीपासून मी त्यांना आत्याबाईच म्हणत आले. मला आई नव्हती. पहिलटकरीण माहेरी जाते, पण मला जायला माहेरच नव्हते. माझी दोन्ही बाळंतपणे त्यांनीच केली, आणि दोन्ही त्याच खोलीत.

ती खोली महाबळेश्वरातल्या एका बंगल्याच्या तळघरात होती. बंगला उतारावर बांधलेला. रस्त्याकडून पाहिले तर एकमजली दिसे. दरीच्या बाजूने उतरून आले की खाली आमची खोली. तिची मागची भिंत म्हणजे सरळ डोंगरच होता. डोंगर कापून त्याला दगड लावलेले. मालक उन्हाळ्यात यायचे. बाकीचे वर्ष माझे यजमान बंगला राखायचे. वरच्या खोल्या मोठ्या, फरशीच्या, कोरड्या होत्या आणि कुलूपबंद होत्या. किल्ली मालक जाताना घेऊन जात.

पावसाळा आला की सगळ्या गावाने आपापल्या घरांना गवताच्या ताट्यांची झडी बांधायची. घरे इरली पांघरल्यासारखी दिसत. आम्हीही बांधायचो. पण झडी वरून येणारे पाणी अडवते. आमचे पाणी आतून यायचे. आषाढ लागला की मागच्या भिंतीच्या सांध्यासांध्यातून पाझर फुटायचा. आधी भिंत काळवंडायची, मग चुन्याचे पोपडे सुटायचे, लोणा फुलायचा, आणि मग त्यातून दोऱ्यासारखे पाणी उतरू लागायचे. ह्यांनी त्या भिंतीला चुना लावून पाहिला, डांबर फासून पाहिले. मागे चर खणला, तो मातीने बुजला. आत्याबाई रोज जमिनीवर चुलीतली राख पसरत आणि रोज तिचा चिखल गोळा करत. मिठाला पाणी सुटायचे. आगपेटी अंगाशी बाळगावी लागायची. धुतलेली दुपटी दिवसचे दिवस वाळत नसत. शेगडीवर दुरडी पालथी घालून तिच्यावर ती वाळवायची.

आदल्या पावसाळ्यात त्या खोलीत माझा मुलगा गेला होता. बारसेसुद्धा झाले नव्हते. रात्री दूध पिऊन झोपला, आणि उजाडताना मी हात लावला तर गार. सगळ्यांनी एकच सांगितले, ओल बाधली. ओल छातीत उतरली. आत्याबाईंनी छाती बडवून घेतली होती. "माझी ऊब कमी पडली गं, माझी ऊब कमी पडली," एवढेच त्या म्हणत राहिल्या.

म्हणून ह्या वेळी त्यांनी कमी पडू द्यायचे नाही असे ठरवले होते. दाराच्या वर भिंतीत एक वीतभर झरोका होता, तो त्यांनी शेणमातीने लिंपून टाकला. दाराच्या फटी बुजवल्या. आणि त्या दिवशी एकीच्या जागी दोन शेगड्या पेटवल्या. एक बाजेखाली, एक भिंतीपाशी.

शेगडीच्या बाबतीत त्या फार नेटक्या होत्या. बाहेर झडीच्या आडोशाला कोळसे पेटवायचे, सुपाने वारा घालायचा. धूर पार मरेपर्यंत शेगडीला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. "धूर मेला का बघ," असे त्या मला विचारायच्या, आणि मी हो म्हटले तरी स्वतः वाकून वास घ्यायच्या. "माझ्या शेगडीनं आजवर कुणाच्या डोळ्याला पाणी आणलं न्हाई," हे त्या चारचौघींत सांगायच्या.

त्या दुपारी यजमान कोळसा आणायला पेठेत निघाले. डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि दारात थांबून म्हणाले, "आये, बाळंतिणीची खोली हाय का लोहाराची भट्टी?"

"तू जा रं म्हादू. तुला कळतंय त्यातलं? तुझ्या बाला मी असंच शेकून उठवलं हुतं."

"मग त्यो उठून पळून का गेला?"

"तुझं तोंड बघून गेला," आत्याबाई म्हणाल्या, आणि मी बाजेवर हसले. माझे सासरे ह्यांच्या लहानपणी मुंबईला गेले ते परत आले नव्हते. त्या घरात त्याची थट्टा चालायची.

जाताना ह्यांनी दार बाहेरून दोन्ही हातांनी ओढून लावले. पावसाळ्यात ते लाकूड फुगायचे आणि चौकटीत रुतून बसायचे. ते बसले की आत्याबाईंनी राहिलेल्या फटीत चिंध्या कोंबल्या.

मग आम्ही दोघी आणि ती मुलगी. पावसाचा आवाजही आत यायचा बंद झाला. भिंतीवरून पाणी उतरायचे ते मात्र कंदिलाच्या उजेडात दिसायचे.

माझे डोके सकाळपासून जड होते. आता कपाळावर कुणी दोर आवळल्यासारखे झाले. मळमळत होते. वाटले, अळिवाची खीर बाधली असेल.

"तुमचं डोकं दुखतंय का हो?" मी विचारले.

"पित्त खवळलंय माझं," त्या म्हणाल्या. कोपऱ्यातल्या मोरीपाशी जाऊन त्यांना एक कोरडा उमासा आला. तोंड धुऊन परत आल्या तेव्हा चालताना त्यांचा तोल गेला. बाजेचा खूर धरून त्या हसल्या. "बघ, म्हातारी झाले. सपाटीवर झोकांड्या खातेय."

"पडा ना जरा."

"पडते. आधी माझ्या राणीला बघू दे."

त्या वाकल्या आणि दुपट्याची घडी बाजूला केली. त्यांचा चेहरा खुलला. "आगं बाई! गजरे, बघ तरी. गाल कसे लालबुंद झाले. ऊब मानवली पोरीला. कशी गुलाबाच्या कळीवानी दिसाय लागली!"

मी पाहिले.

मुलीचे गाल लाल होते, ओठ लाल होते. सकाळी ती पिवळट होती, सुरकुतलेली, रडकी. आता ती चित्रातल्यासारखी दिसत होती. मी हे गाल पूर्वी पाहिले होते. तो गेला त्या सकाळी मी त्याला उचलला तेव्हा तो गार होता, पण गाल असेच होते. बायका बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, झोपल्यासारखा दिसतोय गं, किती गोंडस दिसतोय.

"आत्याबाई," मी म्हणाले, "हिला घेऊन बाहेर जाऊ या."

"कुठं?"

"बाहेर. कुठंबी."

"पावसात? उमज पडतेय का तुला काय बोलतेस ते? अजून बारसं व्हायचंय."

"त्याचे गाल पण असेच झाले होते."

त्यांना ऐकू गेले नसावे, किंवा कळले नसावे. त्या भिंतीजवळच्या शेगडीपाशी बसल्या. एक निखारा उलथला. "जरा टेकते," म्हणाल्या, आणि भिंतीला पाठ लावली. "थोड्या येळानं उठव मला. म्हादू यील एवढ्यात."

मी मुलीला छातीशी धरले. ती पीत नव्हती. मी तिच्या ओठांवर दूध पिळले, ते गालावरून ओघळून गेले. मी तळपायाला टिचकी मारली. जन्मल्यापासून ह्या मुलीला टिचकी मारायची सोय नव्हती. हात लागला तरी खोली डोक्यावर घ्यायची. आता तिने पायही ओढला नाही.

"आत्याबाई!"

त्या भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. तोंड किंचित उघडे. भिंतीवरचे पाणी त्यांच्या खांद्यावर ठिबकत होते आणि लुगडे भिजत होते. ओल अंगाला लागू नये म्हणून जीव टाकणारी ती बाई भिजत होती, आणि तिला पत्ता नव्हता.

"आत्याबाई, उठा!"

उठल्या नाहीत.

मला त्या वेळी निखाऱ्याचे काहीच कळत नव्हते. मला एवढेच वाटले की ही भिंत आता आम्हा सगळ्यांना घेतेय. त्याला नेले तशी हिला नेतेय, आत्याबाईंनाही नेतेय. कंदिलाची वात बारीक झाली होती. भिंतीवर पाण्याच्या वाटा चमकत होत्या, आणि त्या हळूहळू बाजेकडे येताहेत असा मला भास होत होता. तिच्यापासून लांब, एवढेच माझ्या डोक्यात होते.

मी बाजेवरून पाय खाली सोडले. उभी राहिले ती सरळ खाली बसले. मुलीला एका हाताने छातीशी धरून मी जमिनीवरून, त्या राखेच्या चिखलातून, सरकत दारापर्यंत गेले. फटीतल्या चिंध्या ओढल्या. त्या एवढ्या घट्ट होत्या की नखे उलटली. कडी धरून दार ओढले. हलले नाही.

मी ओरडले. कोण ऐकणार? वर कुलूपबंद घर, खाली दरी, आणि मध्ये पाऊस.

खुरपे उंबऱ्यापाशीच पडले होते. मुलीला मी मांडीत ठेवले आणि खुरप्याचे पाते चौकटीच्या फटीत घातले. अंगात जोर नव्हता. मी पात्यावर सगळी ओणवी झाले. डोळ्यांपुढे काजवे आले. मधेच असे वाटले, आता झोपावे. फार छान झोप लागेल. आजही मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्या क्षणाची. ज्या क्षणी भीतीच निघून गेली होती, त्या क्षणाची. हातातले खुरपे जड झाले होते, मुलगी मांडीवरून घसरत होती, आणि मला काही वाटत नव्हते.

तेवढ्यात पाते सटकले आणि माझ्या तळहातात घुसले. त्या कळीने मी भानावर आले. पुन्हा पाते घातले, पुन्हा ओणवी झाले. लाकूड कुरकुरले. दार बोटभर आत आले.

त्या फटीतून गार वारा आला. जन्मभर ज्याला भ्यायला शिकवले होते, तो वारा मी तोंड उघडून प्याले. मग दोन्ही हातांनी दार ओढले, मुलीला उचलले आणि बाहेर झडीच्या आडोशाला पडले.

पाऊस तोंडावर येत होता. मी मुलीला पालथी केली, पाठ चोळली, तिच्या तोंडात फुंकर घातली, कानाशी ओरडले. तिचे नाव अजून ठेवलेले नव्हते, त्यामुळे काय हाक मारावी तेही कळेना. "ए पोरी, ए पोरी," असे म्हणत राहिले. पावसाचे पाणी ओंजळीत घेऊन मी तिच्या तोंडावर मारले.

तिने तोंड वाकडे केले. आवाज नाही. मग छाती वर आली, आणि ती रडली. मांजराच्या पिल्लासारखे बारीक रडली. मग मोठ्याने.

मी तिला शेगडी पेटवायच्या सुपात ठेवले, वर माझा पदर फाडून घातला आणि मागे वळून पाहिले. दार उघडे होते. आत कंदिलाचा मिणमिणता उजेड, आणि त्याच्या कडेला आत्याबाईंचे पाय दिसत होते.

मला आत जायचे नव्हते, हे खरे. ती भिंत मला दिसत होती. आत गेले आणि परत आले नाही तर सुपातल्या मुलीला पावसात कोण बघणार? मी उंबऱ्यावर हात टेकून बसले. आत्याबाईंचा एक पाय थोडासा हलला. तेवढ्यावर मी आत गेले. श्वास कोंडून गेले, कारण मला वाटत होते ओलीची बाधा नाकातून होते. त्यांचे दोन्ही घोटे धरले आणि ओढत आले. बाई हाडापेराने मजबूत होती. उंबऱ्यावर त्यांचे डोके आपटले आणि त्या कण्हल्या. ते कण्हणे ऐकून मला रडू फुटले.

यजमान आले तेव्हा आम्ही तिघी अशा होतो. मी भिजलेली, हातातून रक्त गळतेय, आत्याबाई आडव्या, सुपात मुलगी. त्यांच्या खांद्यावरचे कोळशाचे पोते खाली पडले.

"आगं, येड लागलं का तुला? पोरगी मरंल ना पावसात!" त्यांनी सूप उचलले आणि आत निघाले.

मी त्यांचा पाय धरला. "आत नका नेऊ."

"सोड."

"आत नेलीत तर ती जाईल. त्याच्यासारखी जाईल. वरची खोली उघडा."

"मालकांची?"

"मालकांची."

"किल्ली कुठं हाय माझ्यापाशी?"

"कुलूप तोडा."

ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. कुलूप तोडले तर नोकरी जाणार, खोली जाणार, हे त्यांना कळत होते. मलाही कळत होते. आत्याबाईंनी डोळे उघडले आणि काहीतरी पुटपुटल्या. मुलगी सुपात रडत होती. ह्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि वर जाऊन दगडाने कुलूप फोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्थाबाई आल्या. त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स होत्या, गावातल्या बाळंतिणींना बघत फिरायच्या. फटकळ बाई. वरच्या खोलीत सतरंजीवर आम्ही पडलेल्या. त्यांनी मुलीला उलटीसुलटी करून पाहिली, माझा तळहात बांधला, आत्याबाईंच्या डोळ्यांत पाहिले. मग खाली जाऊन खोली बघून आल्या.

"दोन शेगड्या?" त्यांनी विचारले.

"ओल लई हाय बाई," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि झरोका लिंपला. दाराला चिंध्या."

"वारं लागू नये म्हणून."

मार्थाबाई माझ्या शेजारी बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ओलीनं माणूस असा तासाभरात जात नाही गं. ओलीनं खोकला होतो, ताप येतो. हे कोळशानं झालं. बंद खोलीत निखारा सगळी हवा नासवतो. माणसाला झोप येते, आणि ती झोप तशीच राहते."

"धूर न्हवता हो," पलीकडून आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे कान तिखट होते. "धूर मेल्याबिगर मी कधी शेगडी आत आणली न्हाई. कुणालाबी इचारा."

"धूर असता तर बरं झालं असतं, आजी. खोकत खोकत बाहेर तरी पडला असता तुम्ही."

"मग पोरीचे गाल? किती लाल झाले हुते, ऊब मानवल्याबिगर का?"

"तेच तर त्याचं लक्षण," मार्थाबाई म्हणाल्या, आणि पिशवी आवरू लागल्या. आदल्या वर्षीचे त्यांना काही माहीत नव्हते. त्या तेव्हा ह्या गावात नव्हत्या. जाताना सांगून गेल्या, झरोका फोडा, दार दिवसभर उघडे ठेवा, चर खोल करा, शेगडी बाहेर.

यजमान झरोका फोडायला खाली गेले. पहारीचे घाव वर ऐकू येत होते.

आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दुपारी मी पेज पुढे केली ती त्यांनी घेतली नाही. मुलगी रडली तरी उठल्या नाहीत. एरवी त्या रडण्याच्या आत उठायच्या. मी तिला पाजले, झोपवले. घाव थांबले. ऊन नव्हते पण पाऊस जरा उघडला होता.

"गजरे," त्या तशाच पडून म्हणाल्या.

"काय आत्याबाई?"

त्या भिंतीवर बोटाने रेघ ओढत होत्या.

"त्याचे गाल कसे हुते गं?"

कोणाचे, ते मी विचारले नाही. त्या रात्रीही शेगडी त्यांनीच भरली होती. झोपायच्या आधी उठून आणखी दोन निखारे घातले होते, नातवाला थंडी वाजू नये म्हणून. मी जागी होते, मी पाहिले होते. त्यांनाही ते आठवत असणार. आता त्या वळल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. असे डोळे मी कुणाचे पाहिले नाहीत. मारायला नेलेले जनावर बघते तसे.

"पांढरे होते," मी म्हणाले.

"पांढरे?"

"पांढरेफटक. निळसर. ओठ पण निळे होते."

"बायका म्हणत हुत्या झोपल्यासारखा दिसतोय."

"बायका म्हणायचं म्हणून म्हणतात. तुम्ही कुठं बघितलंत? तुम्ही तोंड झाकून पडला होतात. मी मांडीवर घेऊन बसले होते त्याला. छाती घरघरत होती त्याची आधीपासून. तो ओलीनंच गेला, आत्याबाई."

"खरं म्हणतीस?"

"मी आई त्याची. मला नाही कळणार?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, फार वेळ पाहिले. मग उठून बसल्या, पेजेची वाटी ओढली आणि प्यायल्या. रिकामी वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "आण तिला इकडं. तू पड जरा."

मालकांनी कुलपाबद्दल बोलून घेतले, पण नोकरी राहिली. झरोका फुटला, दार उघडे राहू लागले, आणि चर खोल केला तशी त्या खोलीची ओल पुढच्या पावसाळ्यात निम्म्याने उतरली. ज्या वाऱ्याला आम्ही चिंध्या कोंबून अडवत होतो, त्यानेच ती वाळवली. पण भिंत पुरती कोरडी कधीच झाली नाही. आषाढात एखादा पाझर फुटायचाच.

आत्याबाई त्यानंतर पुष्कळ जगल्या. मुलीचे लग्न पाहिले. दर पावसाळ्यात पहिला पाझर दिसला की त्या भिंतीपुढे उभ्या राहायच्या, तिला थापड मारायच्या आणि शिव्या द्यायच्या. "रांडे, माझा नातू खाल्लास. तुझं तळपट होवो." शेजारच्या बायकांना हसू यायचे. म्हातारी भिंतीशी भांडतेय म्हणायच्या.

मी हातातले काम टाकून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहायचे, आणि मीही शिव्या द्यायचे. त्यांच्याहून मोठ्याने.